लावायचा आणि विसरायचा

लाइल : ...आणि ते दोन टचडाउन? ते तुला दिसतच नाहीत का? एका सामन्यात दोन, नॅडीन!

नॅडीन : दिसतात. पण त्या मॅकेल्बीकडे चेंडू फेकला किती वेळा? दोनदा. दोन्ही वेळा तो गोलरेषेच्या तोंडाशी एकटा उभा सापडला. याला मी योगायोग म्हणते.

लाइल : योगायोगालाही गुण मिळतात.

नॅडीन : मिळाले. गेल्या रविवारी, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी टीमला. मला आजचे हवेत, आपल्या कागदावरच्या टीमला.

लाइल : बरं, मग तुझा तो ग्रँथम. एक झेल! अख्ख्या सामन्यात एक. एक तर माझ्या आजीनं चष्म्याशिवाय झेलला असता.

नॅडीन : झेल एक, पण चेंडू आठ वेळा फेकला त्याच्याकडे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्याला शोधतोय, लाइल. चार डोक्यावरून गेले, तीन कुणीतरी मध्ये हात घालून पाडले. त्यात त्याचा काय दोष?

लाइल : म्हणजे तो झोपलेला.

नॅडीन : झोपलेला. मेलेला नाही.

लाइल : तुझ्या प्रयोगशाळेतल्या बियांसारखा.

नॅडीन : अगदी. ओल्या कागदावर दाणे मांडले आणि त्यातले काही उगवले नाहीत, तर मी ते लगेच मेले म्हणून टाकून देत नाही. चिमट्यानं दाबून बघते. पचकन फुटला तर मेला. टणक लागला तर झोपलाय. थोडे दिवस थंडीत ठेवायचा, मग उठतो.

लाइल : थंडी इथं पाहिजे तेवढी आहे.

नॅडीन : मी ग्रँथमबद्दल बोलतेय.

लाइल : मीपण. मग, बघितलास का दाबून?

नॅडीन : बघितला. टणक आहे.

लाइल : त्याच्या बायकोला कळू देऊ नकोस.

नॅडीन : हसू नकोस. बारा वाजता पहिले सामने सुरू झाले की यादीला कुलूप लागतं.

लाइल : इथं अजून दहाही वाजले नाहीत.

नॅडीन : तुझं वायोमिंगचं घड्याळ मला सांगू नकोस. नेब्रास्कात तासभर पुढं आहोत आम्ही. वारा बघितलास का?

लाइल : पवनचक्कीवर ते सोडून दुसरं काय बघतो मी? ग्रँथमचा सामना तळ्याकाठी आहे. आज तिथं तिरका वारा आहे, तळ्यावरून आत घुसणारा. असा वारा स्टेडियमच्या वाडग्यात शिरला की गोल फिरतो. लांब फेकलेला चेंडू कुठं जाईल ते फेकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

नॅडीन : म्हणजे जवळ फेकणार.

लाइल : जवळच. आणि जवळ कोण असतो?

नॅडीन : टाइट एंड.

लाइल : बरोबर. मॅकेल्बी खेळतोय घुमटाखाली. तिथं पान हलत नाही. सगळे लांब लांब फेकणार आणि तो बिचारा दिवसभर समोरच्याला धक्के देत उभा राहणार.

नॅडीन : मग इतका वेळ तू मॅकेल्बीची बाजू घेऊन का भांडत होतास?

लाइल : कुणीतरी घ्यायला हवी ना. दोघं एकाच बाजूला असले तर चर्चा कसली?

नॅडीन : किकरसाठी कधी असा भांडला नाहीस.

लाइल : किकर! किकरबद्दल कुणी बोलतं का? चेंडूला लाथ मारायला पाय असलेला माणूस घ्यायचा, झालं. चौदा वर्षं चाललीय आपली लीग, किकरवर कुणी एका मिनिटापेक्षा जास्त बोललेलं मला आठवत नाही.

नॅडीन : तुझा अर्नीकाका बोलला होता.

लाइल : तो प्यालेला होता. शिवाय तो फुटबॉलबद्दल बोलत नव्हता, त्याला बूट विकायचे होते.

नॅडीन : तो कसला आवाज येतोय?

लाइल : वारा. मी पिकअपमध्ये बसलोय. गाडी हलतेय सगळी.

नॅडीन : खोलीत का नाही बसत?

लाइल : खोलीत मॉर्टन आहे. नवीन आलाय, डेन्मार्कहून. पवनचक्कीची पाती तपासायला. तो झोपलाय.

नॅडीन : दाबून बघ.

लाइल : दाबायची गरज नाही, घोरतोय. काल त्याला मी फँटसी समजावून सांगत होतो. म्हणतो, म्हणजे खेळाडू खरे, सामने खरे, पण टीम तुमची नुसती कागदावर? म्हटलं, हो. म्हणतो, ते लोक तिकडं चिखलात आपटतात आणि गुण इकडं तुम्हाला? म्हटलं, हो. मग टाइट एंड म्हणजे काय ते विचारलं.

नॅडीन : काय सांगितलंस?

लाइल : अर्धा हमाल, अर्धा धावपटू. निम्मा वेळ समोरच्या गड्याला अंगावर घेऊन थोपवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी पळायला मिळावं. निम्मा वेळ स्वतः पळतो आणि मागं बघतो, येतोय का चेंडू. तर तो विचारतो, त्या थोपवण्याचे गुण किती? म्हटलं, शून्य. फार वाईट वाटलं त्याला. म्हणाला, हा कसला हिशोब, अर्धा माणूस मोजतच नाही तुम्ही.

नॅडीन : मोजायचं कसं? दिसतच नाही ते आकड्यात.

लाइल : तेच सांगितलं. मग म्हणतो, आणि हे सगळं तू दर रविवारी बायकोशी तासभर बोलतोस? म्हणजे तुमचं भांडायला दुसरं काही उरलेलं दिसत नाही.

नॅडीन : बायको?

लाइल : तो म्हणाला तसं.

नॅडीन : तू त्याला सांगितलं नाहीस?

लाइल : काय?

नॅडीन : जूनपासून तू तिकडं आणि मी इकडं, ते.

लाइल : विषय निघाला नाही.

नॅडीन : आत्ता तर निघाला होता म्हणालास.

लाइल : निघाला होता, पण तेवढ्यात जेवण आलं. घराच्या पन्हळीत पानं साचली असतील ना आता? मॅपलची?

नॅडीन : लिबीच्या नवऱ्यानं काढली परवा.

लाइल : हां. बरं झालं... शिडी कुठली घेतली त्यानं? ती लाकडी घेऊ नको म्हणावं, तिची चौथी पायरी सैल आहे.

नॅडीन : माहितेय मला. मी सांगितलं त्याला.

लाइल : मी आलो असतो.

नॅडीन : पानं काढायला? एवढ्या लांबून?

लाइल : नाही, म्हणजे, आलो असतो.

नॅडीन : ...आज हरलो तर काय, हे लक्षात आहे ना तुझ्या?

लाइल : आहे.

नॅडीन : आज हरलो तर बाद फेरीत जागा नाही. आपल्या 'खसखस' टीमचा मोसम आजच संपला. आणि मग टीमचं काय ते ठरवायला लागेल. आपण तसंच म्हटलं होतं, हा मोसम दोघांचा, पुढच्या वर्षी टीम एकाच्या नावावर. लीगची कारभारीण म्हणून लिबी दोनदा विचारून गेली.

लाइल : बघू.

नॅडीन : तू सहा महिने बघूच म्हणतोयस. आणि खरं सांगू? ही वेळच आली नसती. ऑगस्टमध्ये खेळाडू वाटून घेत होतो तेव्हा मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, तिसऱ्या फेरीत स्टॅनवुड घे. सबंध देशात त्याच्यासारखा टाइट एंड नाही. आणि तू काय घेतलास? झेलायला चौथा रिसीव्हर! जो तेव्हापासून बाकावर बसून पाणी पितोय.

लाइल : स्क्रीनवर बोट घसरलं, सांगितलं ना तुला.

नॅडीन : तुझं बोट घसरलं आणि पुढच्याच पाळीला लिबीनं स्टॅनवुड उचलला. तिला बघ. तिला ना वारा बघायचा, ना मोजणी करायची. तो दर आठवड्याला लावायचा आणि विसरायचा. आपण मात्र दर रविवारी उरलेल्यांच्या ढिगातून एकेक उचलून वास घेत बसतो.

लाइल : वाईट नाही चाललंय तसं.

नॅडीन : पाच जिंकले, पाच हरले. याला वाईटच म्हणतात... थांब, दार वाजतंय. लिबी असेल, चर्च सुटलं असेल.

लाइल : मी थांबतो.

नॅडीन : ठेव की. मी करते परत.

लाइल : नको, थांबतो. इथं एकदा रेंज गेली की लवकर येत नाही.

(नॅडीन आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून फोनचा माइक बंद करते आणि फोन ओट्यावर उलटा ठेवते. लाइलची थोरली बहीण लिबी आत येते. हातात कापडानं झाकलेली ताटली.)

लिबी : घे, गरम आहेत. वर खसखशीचे, खाली आलुबुखाराचे. या वेळचे कोलाचे पाव जरा जास्त फुगलेत, माझ्यासारखे. अगं, केस धुतलेस?

नॅडीन : रविवार आहे.

लिबी : चर्चला तर आली नाहीस. आणि फोनवर केस दिसायला लागले का हल्ली?

नॅडीन : तुला काय माहीत मी फोनवर होते?

लिबी : दर रविवारी याच वेळेला तुझा फोन लागत नाही. आणि याच वेळेला माझ्या भावाचाही लागत नाही. मला बेरीज येते, बाई.

नॅडीन : टाइट एंड ठरवत होतो.

लिबी : तास-दीड तास?

नॅडीन : बरेच घटक असतात.

लिबी : असतील! पण मला एक सांग, तुमच्या दोघांच्या डोक्यात भुसा भरलाय का? मी तुम्हाला स्टॅनवुड देते म्हणते, आणि तुम्ही नको म्हणता?

नॅडीन : कोण नको म्हणालं?

लिबी : तुम्ही! 'खसखस'! बुधवारी अदलाबदल पाठवली मी. माझे दोन्ही पळणारे, रनिंग बॅक, गुडघा धरून बसलेत. तुमचा तिसरा नुसता बाकावर आहे. तो मला द्या, स्टॅनवुड तुम्ही घ्या, माझ्याकडं दुसरा एक बरा टाइट एंड आहे, माझं भागेल. पाच मिनिटांत नकार! गुरुवारी वर एक रिसीव्हर देते म्हटलं. नकार! लीगची कारभारीण मी, लोक म्हणतील घरच्यांना फुकट वाटतेय, तरी दिला. आणि हे नको म्हणतात.

नॅडीन : मला काहीच दिसलं नाही. कामावर टिंग टिंग नको म्हणून मी त्या सूचना बंद करून ठेवल्यात. रविवारीच उघडते.

लिबी : मला वाटलं तुझाच हट्ट. म्हटलं, ही दाणे मोजणारी बाई, काढली असेल स्टॅनवुडमध्ये काही खोट.

नॅडीन : स्टॅनवुडमध्ये काय खोट काढणार? मॅकेल्बी आणि ग्रँथम एकमेकांच्या खांद्यावर उभे केले तरी त्याच्या कमरेला येत नाहीत. मग लाइलनं...

लिबी : लाइलनं. शुक्रवारी शेवटी फोनच केला मी त्याला.

नॅडीन : काय म्हणाला?

लिबी : म्हणाला, 'आम्हाला नको.'

नॅडीन : 'मला नको' म्हणाला असेल.

लिबी : माझे कान शाबूत आहेत अजून. 'आम्हाला.' म्हणाला, 'आम्ही दर रविवारी बसून ठरवतो टाइट एंड. बरं चाललंय आमचं.' बसून म्हणे! एक बसलाय वायोमिंगात, एक बसलीय या ओट्याशी!

नॅडीन : परत सांग.

लिबी : काय?

नॅडीन : तो जे म्हणाला ते.

लिबी : 'आम्ही दर रविवारी बसून ठरवतो. बरं चाललंय आमचं.' का गं? तोंड का असं झालंय तुझं?

नॅडीन : आम्ही म्हणाला.

लिबी : मग काय म्हणणार? टीम दोघांची आहे.

नॅडीन : ऑगस्टमध्ये मला म्हणाला, बोट घसरलं म्हणून स्टॅनवुड राहिला.

लिबी : लाइलचं बोट? अगं, ऐंशी मीटर उंचावर, जाड हातमोजे घालून, वाऱ्यात नट आवळतो तो! त्याचं बोट कधी...

नॅडीन : घसरत नाही.

लिबी : अस्सं.

नॅडीन : हं.

लिबी : मी तीन दिवस त्याला गाढव म्हणत होते. गाढवच आहे. फक्त जात वेगळी निघाली.

नॅडीन : किती वाजले?

लिबी : सव्वाअकरा. बारा वाजता अदलाबदलीचं दार बंद, ते थेट पुढच्या वर्षी उघडणार. तुम्हाला नको असला तर डुएनला देते स्टॅनवुड. चर्चच्या आवारात माझ्या मागं मागं फिरत होता, भजनाची पुस्तकं धरू का म्हणत. आजवर त्यानं स्वतःच्या बायकोचं दार धरलेलं नाही.

नॅडीन : डुएनला देऊ नकोस. मला पाठव. आत्ता, इथून.

लिबी : पाठवायला काय... पण नॅडीन, मग तुमचं ते बसून ठरवणं?

नॅडीन : ते मी बघते.

लिबी : बघ बाई, नीट बघ. मी त्याची बहीण आहे, तुला काही सांगायचा मला अधिकार नाही. पण दोन वर्षं माझ्या टेबलाशी जेवायला येत होतात, तेव्हा तुम्ही एकमेकांशी मीठ दे आणि झालं का, एवढंच बोलत होतात. आता दर रविवारी माझा फोन लागत नाही तेव्हा मला राग येत नाही, एवढंच सांगते. आलं का?

नॅडीन : आलं, लॅपटॉपवर. होकार दाबला.

लिबी : बघू. हां. झालं, मंजूर. आरोपीही मीच, न्यायाधीशही मीच. ताटली नंतर दे. आणि तो फोन सरळ कर, गुदमरेल माणूस.

(लिबी जाते. नॅडीन फोन सरळ करून माइक चालू करते.)

नॅडीन : हॅलो? आहेस?

लाइल : आहे. गेली लिबी?

नॅडीन : गेली. कोलाचे ठेवून गेली.

लाइल : खसखशीचे?

नॅडीन : वरचे खसखशीचे.

लाइल : इथं पेट्रोल पंपावर एक पाव मिळतो. पिशवीवर छापलंय कोलाचे. आत लाल जाम. मी खाल्ला परवा.

नॅडीन : कसा होता?

लाइल : पिशवी चांगली होती. नॅडीन, बारा वाजत आले असतील तुझ्याकडं. लावला का ग्रँथम?

नॅडीन : लाइल, ऑगस्टमध्ये तुझं बोट घसरलं होतं ना?

लाइल : हो. का?

नॅडीन : आणि बुधवारी? आणि गुरुवारी? वारा फार आहे वाटतं तिकडं. सारखी बोटं घसरतात.

लाइल : लिबीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

नॅडीन : लिबीला बोल लावू नकोस. मला फक्त गणित समजावून सांग. मी कुठूनही मोजलं तरी उत्तर एकच येतं, स्टॅनवुड घ्यायचा. तुझं उत्तर वेगळं आलं. मला तुझी पद्धत बघायचीय.

लाइल : गणित नाही त्यात काही.

नॅडीन : काहीतरी असेल.

लाइल : तू आत्ताच म्हणालीस की. स्टॅनवुड लावायचा आणि विसरायचा.

नॅडीन : मग?

लाइल : मग रविवारी सकाळी तुला फोन करून मी काय विचारणार होतो? बाकीच्या सगळ्या जागा मी भरल्या. क्वार्टरबॅक चांगला आहे, रनिंग बॅक चांगले आहेत, त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं काहीच नाही. एक जागा तेवढी मोकळी ठेवली. म्हणजे अगदी मोकळी नाही, पण दर आठवड्याला विचारावं लागेल अशी.

नॅडीन : ऑगस्टपासून.

लाइल : ऑगस्टपासून. तू जूनमध्ये म्हणाली होतीस ना, आपल्याला एकमेकांशी बोलायला काही उरलेलं नाही. मी इथं येताना रस्ताभर त्यावर विचार केला. चुकीचं नव्हतं तुझं. घरी आलो की मला सुचायचंच नाही काही. दिवसभर वर एकटा असायचो, खाली आल्यावर शब्द लगेच सापडायचे नाहीत. आणि तू वाट बघून बघून झोपायला जायचीस. पण टाइट एंडबद्दल मी कितीही वेळ घोळ घातला तरी तू कधी फोन ठेवला नाहीस. नॅडीन? रेंज गेली का?

नॅडीन : नाही गेली. पण तू एक गोष्ट मोजली नाहीस.

लाइल : कुठली?

नॅडीन : आज आपण हरलो तर मोसम संपतो. मोसम संपला की टाइट एंड लागत नाही. मग पुढचा रविवार कुठून आणणार होतास? आजचा रविवार राखायच्या नादात तू बाकीचे सगळे घालवायला निघाला होतास. हे सुचलं नाही?

लाइल : नाही. देवाशपथ नाही सुचलं.

नॅडीन : चौदा वर्षं खेळतोयस!

लाइल : मला वाटलं, ग्रँथम निभावून नेईल. वारा होता ना त्याच्या बाजूला.

नॅडीन : वाऱ्यानं काय होतं? सगळं मिळून पाच गुण जास्तीचे. आपल्याला वीस हवेत.

लाइल : बरोबर आहे.

नॅडीन : मी होकार दाबला.

लाइल : कधी?

नॅडीन : आत्ता, लिबी होती तेव्हा. मंजूरही झालं. स्टॅनवुड आपला. यादीत लावलाय.

लाइल : अच्छा... बरं केलंस. चांगलं केलंस. मग जिंकू आज.

नॅडीन : जिंकायला हवं.

लाइल : आणि ग्रँथम?

नॅडीन : ग्रँथम माझा शुक्रवारीच ठरला होता.

लाइल : काय?

नॅडीन : शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत. दहा मिनिटं लागली.

लाइल : मग आज सकाळपासून जे आपण...

नॅडीन : बरेच घटक असतात.

लाइल : हां.

नॅडीन : हं.

लाइल : बरं, मग झालंच म्हणायचं. प्रश्न मिटला. पुढच्या रविवारी झोप तू जरा. माझ्यामुळं लवकर उठतेस.

नॅडीन : टाइट एंडचा मिटला.

लाइल : दुसरा कुठला होता?

नॅडीन : आपला किकर बघितलास का?

लाइल : किकर? त्याला काय झालं?

नॅडीन : मला तो काही पटत नाही.

लाइल : नॅडीन, अख्ख्या जगात किकरबद्दल कुणी...

नॅडीन : वारा असला की त्याचे चेंडू उजवीकडं जातात. किती वारा, कुठून येणारा, तळ्यावरचा की मैदानावरचा, ते मला कळत नाही. ते तुझं काम. मोजणी मी करते.

लाइल : ...किती वाजता फोन करू?

नॅडीन : लवकर कर. किकरला वेळ लागतो.